आठ ते दीड



उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडे एका सरकारी हुकुमाची वाट पाहिली जाते. कलबुर्गी विभागातले बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर हे जिल्हे आणि त्यांच्या जोडीला बेळगाव विभागातले विजयपूर नि बागलकोट, इथल्या सरकारी कचेऱ्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ८ ते दुपारी दीड या वेळात चालवायच्या, असा तो हुकूम. औरादकडचा शेतकरी मग पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, कागदासाठी पहाटेची बस धरतो आणि कचेरीतले कर्मचारी जेवायला घरी पोचतात. सगळे खूश.

या हुकुमाला आपण सवलत समजतो. मला तो आपल्या इमारतींचा दाखला वाटतो. दुपारी दीडनंतर या कचेऱ्या माणसांनी बसण्याजोग्या राहत नाहीत, हे सरकारनंच त्यात लेखी कबूल केलंय. बेंगळूरच्या कचेऱ्यांना असा हुकूम लागत नाही. आपल्या इमारतींचे नकाशे मात्र बरेचदा तिथूनच येतात.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवायचे. त्यामुळे आज मी चार हिशोब मांडले तर इथं कुणी वाईट वाटून घेणार नाही, असं धरून चालतो.

एक मध्यम कचेरी घेऊ. एकमजली, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. वर पाच इंची आरसीसी स्लॅब आणि स्लॅबवर काही नाही. मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे दर चौरस मीटर गच्चीवर ९०० ते १००० वॉट ऊन पडतं. करडं सिमेंट त्यातलं बहुतेक पिऊन टाकतं आणि ६०-६५ अंशांपर्यंत तापतं. आत एसी लावून २५ अंश ठेवायचे म्हटले तर वरच्या-खालच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला. उघड्या स्लॅबमधून दर अंशामागं, दर चौरस मीटरला साधारण ३ वॉट उष्णता आत येते. तीन गुणिले चाळीस गुणिले शंभर, म्हणजे १२,००० वॉट.

या आकड्याचा अंदाज कसा यावा? बसून काम करणारा माणूस १०० वॉटच्या आसपास उष्णता सोडतो. तुमच्या कचेरीत वीस माणसं असतील, तर मेच्या दुपारी स्लॅबमधून आणखी एकशेवीस कारकून खाली उतरतात आणि त्यांच्या शेजारी खुर्च्या ओढून बसतात. तुम्ही एसी घेता तो मुख्यतः या एकशेवीस जणांसाठी. एसीवाल्याच्या भाषेत ही उष्णता साडेतीन टनांच्या जवळ जाते. म्हणजे दीड-दीड टनाची दोन यंत्रं छतापायीच खर्ची पडली आणि तरी थोडं उरलंच.

आता त्याच गच्चीवर चांगला पांढरा चुना मारा. ताजा चुना बहुतेक ऊन परत पाठवतो. पृष्ठभाग ४५-४७ अंशांवर थांबतो आणि निम्मे कारकून घरी जातात. स्लॅबवर नीट उष्णतारोधक थर घातला आणि आपल्या देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनं छतासाठी घालून दिलेली मर्यादा पाळली, तर दर अंशाला ३ वॉटच्या जागी ०.३३ वॉट येतात. मग गच्ची करडी राहिली तरी कारकून उरतात तेरा. हा हिशोब ढोबळ आहे. खऱ्या स्लॅबला तापायला वेळ लागतो, वाराही असतो. पण पारडं कुठं झुकतं ते त्यातून दिसतं.

वेळ लागतो म्हणालो, ते महत्त्वाचं. पाच इंची स्लॅबमधून उष्णता खालच्या अंगाला पोचायला तीन-चार तास जातात. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्यामुळं सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास. त्या वेळचं ऊन छताच्या खालच्या बाजूनं कचेरीत उतरतं साडेतीन-चारला. दीड वाजता कुलूप लावणाऱ्या माणसानं हा हिशोब केला होता की नाही कोण जाणे, पण त्याची वेळ बरोबर आहे.

सूर्याशी आपलं नातंही थोडं वेगळं आहे. कलबुर्गी सतरा अंशांच्या थोडी वर, बिदर अठराच्या थोडं खाली. त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन कडाक्याच्या दिवसांत, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. भिंतींपेक्षा छताची काळजी आधी घ्यायची ती यासाठी. दक्षिणेची बाजू लोक उगाच घाबरून बंद करतात. ती सोपी आहे. विषुवदिनी दुपारी दीड फुटाचा छज्जा खाली पावणेपाच फूट सावली पाडतो, खिडकी अख्खी झाकली जाते. खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिलअखेर संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३-२४ अंशांवर असतो आणि सरळ खिडकीत शिरतो. चार फूट उंचीची खिडकी त्याच्यापासून झाकायची तर छज्जा नऊ फूट पुढं काढावा लागेल.

नऊ फुटांचा छज्जा कुणी काढत नाही. पण आठ-दहा फुटांची ओसरी पूर्वी काढत. निजामाच्या अमलातल्या कचेऱ्या आणि डाकबंगले आठवून पाहा. पुढं खांबांची ओसरी, तिथं बाकावर बसलेले पक्षकार, आत उंच छताची खोली. ती ओसरी कुणी शोभेसाठी बांधली नव्हती. आज तिची जागा कार्पेट एरियाच्या हिशोबात 'वाया' जाते म्हणून काढून टाकतात आणि त्या जागी पश्चिमेला काच आणि अॅल्युमिनियमचे (एसीपीचे) चकचकीत पत्रे लावतात. साध्या काचेच्या दर चौरस मीटरमधून संध्याकाळच्या उन्हाचे चारशे-पाचशे वॉट आत येतात. दहा चौरस मीटर काच लावलीत की आणखी चाळीस-पन्नास कारकून आले. मग काचेवर पडदे ओढायचे, आत अंधार झाला म्हणून ट्यूबलाइट लावायच्या, आणि पाहुण्यांना सांगायचं, आमच्या ऑफिसात नैसर्गिक उजेड भरपूर. अशा कचेऱ्या तुम्ही पाहिल्यात, मीही पाहिल्यात.

जिना, रेकॉर्ड रूम, संडास, झेरॉक्सची खोली हे सारं पश्चिमेला ढकलायला एक पैसाही जास्त लागत नाही. फक्त नकाशा काढतानाच ते सुचायला हवं.

बिदरमध्ये व्याख्यान द्यायचं आणि महमूद गावानचा मदरसा टाळायचा, हे कसं जमणार? १४७२ची ती इमारत. सुमारे २०५ फूट लांब, १८० फूट रुंद, तीन मजली, मधोमध शंभर फूट चौकाचं अंगण. विद्यार्थ्यांच्या छत्तीस खोल्या होत्या असं सांगतात. गावान गिलानचा, इराणातून आलेला. १६९६ साली बंदुकीच्या दारूच्या स्फोटानं मदरशाची एक बाजू कोसळली आणि त्यामुळं आज आपल्याला तिचा छेद पाहायला मिळतो: भिंती किती जाड, खोल्या अंगणाभोवती कशा रचल्या, उजेड-वारा कुठून येतो. मी विद्यार्थ्यांना फरशांच्या निळाईकडं नंतर पाहा म्हणतो, आधी हा छेद पाहा.

कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद याच्या उलट टोकाची. तिला अंगणच नाही. २१६ फूट बाय १७६ फुटांची सगळी जागा घुमटांखाली झाकलेली आणि उजेड येतो बाजूच्या रुंद कमानींतून. मेमध्ये बाहेरून आत पाऊल टाकलंत तर फरक अंगाला कळतो. पण मी भाबडेपणानं बोलत नाही. त्या मशिदीच्या मधोमध टेबल टाकून पहाणीतले बारीक आकडे वाचून पाहा, तासाभरात डोळे दुखतील. कचेरीत टेबलावर तीनशे लक्स तरी उजेड हवा. जुन्या इमारतींकडून थंडावा घ्यायचा तर अंधार सोडून घ्यायला हवा.

आणि दुसरी गोष्ट माळवदाची. आपल्या भागातल्या वाड्यांची छतं लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती अशी. उन्हाळ्यात याहून गार छत नाही. दर पावसाळ्याआधी माती पसरायची, गळलं की पुन्हा वर चढायचं, हा त्रास खरा. तरी माळवदं टिकून होती. त्यांचा अंत झाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि छतावरची ती टनावारी माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली. आळंद-बसवकल्याणकडच्या लोकांनीही तो हादरा अनुभवला. त्यानंतर स्लॅब म्हणजे सुरक्षितपणा हे समीकरण पक्कं झालं, आणि ते चुकीचं नाही. म्हणून 'पुन्हा माळवदाकडं चला' असं कुणी पर्यावरणप्रेमी सांगू लागला तर त्याला किल्लारीला घेऊन जा. आपल्याला माळवदाचा गुण हवाय, त्याचं वजन नको. तो गुण आज दोन-तीन इंचांच्या हलक्या थरात मिळतो, किंवा नुसत्या चुन्यातही बराचसा मिळतो. गच्चीवर थोड्या उंचीवर बसवलेले सोलर पॅनल विजेखेरीज सावलीही देतात, तिचा हिशोब कुणी मांडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. घर आणि कचेरी यांत एक फरक आहे, आणि आपण कचेऱ्या बांधताना तो विसरतो. जाड भिंत किंवा छत उष्णता अडवत नाही, उशिरा पोचवतं. दीड फुटाची दगडी भिंत दहा-बारा तास उशीर करते. घरात याचा अर्थ असा की दिवसा गार आणि रात्री भिंती धग सोडतात. म्हणून आपले लोक रात्री माळवदावर झोपायचे. कचेरीत रात्री माणूसच नसतो! भिंतीनं रात्री अकराला धग सोडली तर ती सोसायला कुणी नाही. जड बांधकाम घरापेक्षा कचेरीला जास्त शोभतं ते यामुळं. अट एकच, रात्री सोडलेली ती धग बाहेर गेली पाहिजे.

ती जात नाही. संध्याकाळी साडेपाचला, हुकुमाच्या दिवसांत दीडला, शिपाई काय करतो? एसी बंद करतो, एकेक खिडकी घट्ट लावतो, कडी सरकवून हातानं दाबून पाहतो, आणि कुलूप. बाहेर रात्री तापमान २६-२७ अंशांवर उतरतं. आपला प्रदेश कोरडा, त्यामुळं दिवस-रात्रीत बारा-चौदा अंशांचा फरक सहज पडतो, किनाऱ्यावरच्या मुंबईला हे भाग्य नाही. पण ही गार हवा रात्रभर कचेरीच्या बंद खिडक्यांबाहेर ताटकळते आणि आत स्लॅब आपली धग खोलीतच ओतत राहतो. सकाळी दार उघडलं की आतून गरम वाफ तोंडावर येते. तोवर बाहेरचाही गारवा सरलेला असतो. मग एसी सुरू. त्याचे पहिले दोन तास काल दुपारची उष्णता उपसण्यात जातात. काल दुपारची!

जुन्या कचेऱ्यांत छतालगत लहान झरोके असत, त्यांना आपल्याकडं सर्रास व्हेंटिलेटर म्हणतात. त्यांना दार नसायचं, फक्त गज आणि जाळी. गरम हवा वर चढते आणि त्यातून निघून जाते, कुणाच्या आठवणीवर अवलंबून न राहता. एसी आल्यावर 'गारवा बाहेर जातो' म्हणून ते विटांनी बुजवले. उपाय बुजवण्याचा नव्हता, त्यांना झडप बसवण्याचा होता. दिवसा बंद, रात्री उघडी.

लोक विचारतात, रात्री उघडं ठेवलं तर फायलींचं काय? चोर, पाऊस, धूळ, पारवे, डास? प्रश्न खरे आहेत आणि उत्तरंही साधी आहेत. गज चोरासाठी, बारीक जाळी पारव्यासाठी आणि डासासाठी, तिरप्या पट्ट्या पावसासाठी. धुळीसाठी मात्र रोज सकाळी फडकं मारावंच लागतं. ज्याला रात्री झडपा उघडायचा भरवसा वाटत नाही त्यानं वरच्या एका झरोक्यात एक्झॉस्ट फॅन बसवावा आणि त्याला टायमर लावावा. शंभर वॉटचा पंखा रात्री दहा ते सकाळी सहा चालला तर आठशे वॉट-तास, म्हणजे एक युनिटही होत नाही. दीड टनाचा एसी तेवढी वीज फारतर तासाभरात, किंबहुना पाऊण तासातच खातो.

कूलरबद्दल थोडंच सांगतो, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि हवेत २० टक्के दमटपणा असताना कूलरची हवा २६ अंशांच्या जवळ येऊ शकते. पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते. खिडकी बंद करून कूलर लावणारा माणूस स्वतःला वाफवून घेतो. जूनमध्ये दमटपणा वाढला की त्याचा उपयोग संपला. पाण्याचा प्रश्न वेगळाच.

साहेबांच्या केबिनमध्ये एसी १८वर का असतो, याला मात्र उत्तर आहे आणि ते साहेबांच्या स्वभावात नाही. शरीराला गरमी केवळ हवेनं लागत नाही, भोवतालच्या पृष्ठभागांकडूनही लागते. दुपारी चारला एसी चालू असलेल्या केबिनमध्येही उघड्या स्लॅबची खालची बाजू चाळिशीच्या घरात असते. हवा २४ अंश आणि डोक्यावर चाळीस, अशा स्थितीत माणूस रिमोट खाली-खालीच नेणार. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीत सुरुवातीचं तापमान २४ ठेवायला लावलं. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. पण छत तापलेलं असेल तर २४ अंश सोसवत नाहीत.

पृष्ठभागाचं हे गणित उलटं फिरवलं की काय होतं, ते हैदराबादेत पाहायला मिळतं. बिदरची किती तरी मुलं तिथं नोकरीला आहेत. पोचारम इथल्या इन्फोसिसच्या एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीच्या पद्धतीची, पण उत्तम प्रतीची वातानुकूलन यंत्रणा. दुसऱ्यात स्लॅबमध्येच नळ्या टाकून त्यांतून गार पाणी फिरवलं. छतच गार. दोन वर्षांच्या मोजणीत दुसऱ्या भागाला ३४ टक्के वीज कमी लागली. भिंती-खिडक्या दोन्हीकडं सारख्याच होत्या, म्हणून त्या तुलनेला वजन आहे. औरादच्या तहसील कचेरीत अशा नळ्या घालायला मी सांगत नाही. डोक्यावरचं छत गार असेल तर हवा इतकी गार लागत नाही, एवढं त्यातून उचलायचं.

पंख्याखाली, खिडक्या उघड्या असलेल्या कचेरीत आपल्या माणसांना किती तापमान चालतं, यावरही देशात अभ्यास झालाय आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत तो आलाय. गेल्या महिनाभराचं बाहेरचं सरासरी तापमान घ्या, त्याला ०.५४नं गुणा, त्यात १२.८३ मिळवा. मे महिन्यात कलबुर्गीची सरासरी ३३ धरली तर उत्तर येतं साडेतीस अंशांच्या थोडं वर. साडेतीस अंशांत, पंख्याखाली, सुती कपड्यांत माणूस काम करू शकतो. युरोपातल्या ऑफिसांसाठी ठरलेले २२-२३ अंश आपण विनाकारण अंगावर घेतले.

मग हे सारं होत का नाही? आपल्या भागात सामानाची तर ददात नाही. शहाबादची फरशी कलबुर्गी जिल्ह्यातली. तिच्यावर उन्हाळ्यात अनवाणी चालत महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या वाढल्या. वाडी आणि सेडमचं सिमेंट देशभर जातं. बिदरचा जांभा किल्ल्यापासून बंगल्यापर्यंत सगळीकडं आहे. अडतं ते कागदावर. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली, पण ती लागू होते १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या इमारतींना. तालुक्याची कचेरी, पतसंस्था, बँकेची शाखा, ग्रामपंचायत यांतली बहुतेक बांधकामं त्याच्या कितीतरी खाली आहेत. त्यांच्यावर कुणाचीच सक्ती नाही.

दुसरं, बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. इमारत सार्वजनिक बांधकाम खातं उभारतं, वीज कंपनीचं, जेस्कॉमचं, बिल येतं ते ज्या खात्याला इमारत मिळाली त्याच्या नावावर. छतावर थर घालायचे पैसे ज्याच्या अंदाजपत्रकातून जाणार, त्याला वाचलेल्या युनिटांशी देणंघेणं नाही. आणि ज्याला आहे, त्याला नकाशा दिसतो तो उद्घाटनाच्या दिवशी, भिंतीवर टांगलेला.

नवी इमारत होईल तेव्हा होईल. आहेत त्या कचेऱ्यांचं काय, असं इथले इंजिनिअर मित्र विचारतील. गच्चीला चुना आणि बुजवलेले झरोके उघडून झडपा, एवढ्या दोन कामांना कुठल्या संहितेची परवानगी लागत नाही. चुना आदल्या रात्री भिजवून, सकाळी गाळून, गच्ची धुऊन वाळली की दोन हात मारायचा. सिमेंटच्या कारखान्यांजवळच्या गावांत वर्षात धुळीनं तो करडा होतो, म्हणून दर वर्षी. मार्चच्या उन्हाआधी, फेब्रुवारीत तो बसायला हवा. त्यासाठी किरकोळ दुरुस्तीचं अंदाजपत्रक नोव्हेंबरात वर जायला हवं, आणि त्यात 'रंगकाम' या रकान्यात गच्ची आवर्जून लिहायला हवी. आजवर तिथं दर्शनी भिंतच लिहिली जाते.